शेजारचं पाणी अंगणात येतंय, भराव घालू का?

पत्र : कोथरूडला टेकडीच्या उतारावर आमचा बैठा बंगला आहे, 1978 साली बांधलेला. प्लॉट 3600 चौरस फुटांचा. मुलगी बंगळूरला असते, मी इथे एकटीच. वरच्या अंगाला काका-काकू राहायचे. ते दोघं गेल्यावर त्यांच्या मुलाने मागचा प्लॉटही विकत घेतला आणि साडेसात हजार चौरस फुटांवर चार मजली इमारत बांधली. मुरूम टाकून सगळी जागा दीड-दोन फूट वर घेतली, कडेपर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या पार्किंगचं सगळं पाणी आमच्या मधल्या भिंतीशी यायचं आणि भिंतीत ठेवलेल्या दोन पाइपांतून आमच्या अंगणात कोसळायचं. पुढचा रस्ता काँक्रीटचा झाल्यापासून उंच झालाय, त्यामुळे फाटकातूनही पाणी बाहेर पडत नाही. सप्टेंबरात दोनदा ते व्हरांड्याच्या पायरीला लागलं, हॉलच्या भिंतीला ओल आलीय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "मॅडम, तुम्हीपण दोन फूट भराव घाला, पेव्हर टाका, मागच्या भिंतीला भोक पाडून पाणी सोडून द्या आणि गच्चीचा पाइप ड्रेनेजच्या चेंबरला जोडा, विषय संपला." शेजारचा मुलगा माझ्यासमोर वाढलाय, माझ्याकडे गणिताला यायचा. तक्रार करायला मन धजत नाही. इमारतीला अजून भोगवटा पत्र, म्हणजे ती वापरायला महापालिका देते तो दाखला, मिळालेलं नाही, असं कानावर आहे. नियम काय आहे आणि मी काय करावं? (एक वाचक, कोथरूड)

ताई, नमस्कार.

आधी कॉन्ट्रॅक्टरला थांबवा. त्याच्या चार कामांतली दोन तुमच्या घराचं नुकसान करतील आणि उरलेली दोन नियमाविरुद्ध आहेत. आज तुम्ही ज्याच्यामुळे त्रस्त आहात, नेमकं तेच तुम्ही मागच्या शेजाऱ्याशी करून बसाल. मग शेजारच्या मुलाकडे कोणत्या तोंडाने जाणार?

भरावापासून सुरुवात करते. 1978 च्या बंगल्याचं जोतं बहुधा अंगणापासून दीड-दोन फूट उंच असतं आणि जोत्याच्या माथ्यावर ओल अडवणारा एक थर घातलेला असतो, गवंडी त्याला डीपीसी म्हणतात. जमिनीतली ओल भिंतीत चढू नये एवढ्यासाठी तो थर असतो. दोन फूट भराव घातला की तो थर मातीखाली जातो आणि ओला मुरूम थेट विटांच्या भिंतीला टेकतो. आज हॉलच्या एका भिंतीला ओल आहे, दोन पावसाळ्यांत ती चारही भिंतींना धरेल, आणि मग वॉटरप्रूफिंगवाले कितीही रसायनं मारोत, उपयोग होत नाही. अंगणात आंबा, फणस असं जुनं झाड असेल तर त्याचं खोड दोन फूट भरावात गाडणं म्हणजे त्याला सावकाश मारणं आहे. शहरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, आणि त्यात झाड तोडण्याइतकंच त्याला इजा करणंही येतं.

पेव्हर ब्लॉकचं थोडं वेगळं आहे. ते वाईट नसतात, पण आपल्याकडे ते बसवतात कसे ते बघा. खाली काँक्रीट, वर ब्लॉक, सांध्यांत सिमेंटची भुकटी. म्हणजे पाणी मुरायला एक इंच जागा उरत नाही. जरा हिशेब मांडू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शेजारचा प्लॉट साधारण 700 चौरस मीटरचा. पुण्यात वळवाच्या किंवा परतीच्या पावसात तासाभरात 50 मिलिमीटर पडणं आता नवलाचं राहिलेलं नाही. 17 ऑक्टोबर 2022 च्या एका रात्रीतच शिवाजीनगरला शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला होता. 700 गुणिले 50 म्हणजे 35,000 लिटर. सोसायट्यांकडे उन्हाळ्यात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर घेतला, तर असे साडेतीन टँकर एका तासात. काकांच्या काळातल्या मातीच्या अंगणात यातलं पहिलं बरंचसं पाणी मुरायचं आणि उरलेलं पसरत, रेंगाळत यायचं. आता ते सगळं एकदम आणि दोनच तोंडांतून येतं. तुम्हाला जाणवलेला फरक हा आहे. पाऊस तोच असला तरी तुमच्या वाट्याला येणारं पाणी वाढलंय.

आता कायदा. इथे तुम्हाला आवडणार नाही अशी एक गोष्ट आधी सांगायला हवी. तुमचा प्लॉट उताराच्या खालच्या अंगाला आहे. 1882 चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम, ज्याला वकील मंडळी इझमेंट अॅक्ट म्हणतात, त्याच्या सातव्या कलमात एक तत्त्व स्पष्ट दिलं आहे. वरच्या जमिनीवर पडलेलं आणि ठरावीक नाल्यातून न वाहणारं पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीवर उतरत असेल, तर खालच्या मालकाने ते उतरू दिलं पाहिजे. म्हणजे तुम्ही मधल्या भिंतीला तळापासून माथ्यापर्यंत प्लास्टर करून टेकडीचं सगळंच पाणी पलीकडे तुंबवू शकत नाही. काकांच्या काळात जे पाणी सरीसरीने, पसरून तुमच्याकडे यायचं, तेवढं येणारच.

पण हा अधिकार नैसर्गिक वाहण्याचा आहे. जमीन उंच करून, ती फरसबंद करून, सगळ्या छपराचं आणि पार्किंगचं पाणी एकत्र करून पाइपने शेजाऱ्याच्या अंगणात ओतणं हे नैसर्गिक वाहणं होत नाही. न्यायालयं हा फरक करत आली आहेत. तुमच्या मधल्या भिंतीतले ते दोन पाइप हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा आहे, कारण तिथे पाणी कुणीतरी मुद्दाम गोळा करून सोडलंय हे उघड दिसतं. मागच्या भिंतीला भोक पाडू नका म्हणते ते याच कारणाने. तुमचं पाणी गोळा करून मागच्यांच्या अंगणात सोडण्याचा अधिकार तुम्हालाही नाही.

आपल्या राज्यातली 2020 ची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली पुण्याला लागू आहे. आर्किटेक्टांच्या तोंडी ती यूडीसीपीआर. तिच्यात घराचं जोतं ठरवतानाच प्लॉटवरचं पाणी नीट निघून जाईल हे पाहायला सांगितलं आहे. आणि गच्चीच्या पाण्याबद्दलचा नियम तर तुमच्यासाठीच लिहिल्यासारखा आहे: पावसाळी पाइप असे बसवायचे की पाणी इमारतीपासून दूर जाईल आणि तिच्या किंवा शेजारच्या इमारतीच्या भिंतींना आणि पायाला ओल येणार नाही. शेजारच्या इमारतीचा उल्लेख नियमात स्पष्ट आहे. हॉलच्या भिंतीची ओल दाखवून तुम्ही याच नियमावर बोट ठेवू शकता.

दुसरा नियम पर्जन्य जलसंधारणाचा. 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर नवं बांधकाम होत असेल तर पावसाचं पाणी साठवण्याची किंवा जिरवण्याची व्यवस्था बंधनकारक आहे. ती केली नाही किंवा चालू ठेवली नाही तर दर 100 चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला 1000 रुपयांपर्यंत आकारणीही होऊ शकते. तुमचा प्लॉट साधारण 335 चौरस मीटरचा, तुम्हाला सक्ती नाही. त्यांनी दोन प्लॉट एकत्र केले, ते 700 वर गेले, त्यामुळे त्यांना आहे. म्हणजे मंजूर नकाशात कुठेतरी तो खड्डा किंवा टाकी दाखवलेली असणार. प्रश्न आहे तो जागेवर आहे का, आणि असला तर गच्चीचं पाणी तिथे जातं की तुमच्या भिंतीतल्या पाइपांत.

भोगवटा पत्र अजून मिळालेलं नाही, असं तुम्ही अगदी शेवटी, सहज लिहिलंय. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ ती आहे. भोगवटा पत्र देण्याआधी काम मंजूर नकाशाप्रमाणे झालंय का ते पाहिलं जातं, त्यात सांडपाणी, पावसाळी पाणी, जलसंधारण हे सगळं येतं. ते एकदा हातात पडलं, फ्लॅटधारक राहायला आले, सोसायटी नोंदली गेली, की तुम्हाला एका मुलाशी नाही, आठ-दहा कुटुंबांच्या कमिटीशी बोलावं लागेल. ते म्हणतील, आम्ही घेतलं तेव्हा असंच होतं. त्यांची तरी काय चूक? आज फरशी उचलून ढाळ फिरवायला त्याला लागतील त्याच्या कितीतरी पट खर्च आणि मनस्ताप दोन वर्षांनी लागेल, सगळ्यांनाच.

म्हणून त्याच्याशी बोलायला उशीर करू नका. तक्रार करायला मन धजत नाही, हे मी समजू शकते. पण तक्रार आणि बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न बोलता दर पावसाळ्यात मनात कढ काढत राहण्याने नातं टिकत नाही, उलट तुटतं. आणि एक शक्यता लक्षात घ्या. त्याला कदाचित हे माहीतच नसेल. पेव्हर बसवणाऱ्या मुकादमाने जिकडे सोपं तिकडे ढाळ काढला, भिंतीला पाइप ठेवले आणि तो पुढच्या साइटवर गेला, असं सर्रास होतं. मालकाने भर पावसात तुमच्या बाजूला उभं राहून ते पाणी बघितलंय का? सप्टेंबरचे फोटो, व्हिडिओ असतील तर मुलीकडून तारखेसह मागवून घ्या आणि त्याला चहाला बोलावून दाखवा.

पण बोलवायच्या आधी एक सकाळ मोजमापात घालवा. याला फार शिकलेला माणूस लागत नाही, चांगला गवंडी आणि पाण्याने भरलेला पारदर्शक लेव्हल पाइप पुरतो. व्हरांड्याच्या जोत्यावर एक खूण करा आणि ती शून्य धरून पाच ठिकाणं मोजा: अंगणाचे चारही कोपरे, मधल्या भिंतीपलीकडची त्यांची फरशी, फाटकाजवळचा रस्ता, रस्त्याकडेच्या पावसाळी चेंबरचं झाकण आणि त्या चेंबरचा तळ. शेवटच्या मापासाठी कुणी चेंबरमध्ये उतरायचं नाही. झाकणाच्या जाळीतून काठी किंवा टेप सोडून खोली बघता येते, नाहीतर क्षेत्रीय कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याला विचारा.

चेंबरच्या तळाचं माप मी मुद्दाम मागतेय. रस्ता उंच झाला की लोक हात टेकतात, आता पाणी बाहेर जाणारच नाही म्हणतात. पण पाणी रस्त्याच्या पाठीवरून न्यायचं नाहीये, रस्त्याखालच्या वाहिनीत न्यायचंय. समजा तुमचं अंगण रस्त्यापेक्षा आठ इंच खाली आहे आणि पावसाळी चेंबरचा तळ रस्त्यापेक्षा तीन फूट खाली. म्हणजे अंगणापासून चेंबरच्या तळापर्यंत अजून 28 इंच उतार हातात आहे. अंगणाच्या मागच्या कोपऱ्यापासून चेंबरपर्यंत चाळीस फूट पाइप टाकायचा तर शंभराला एक या ढाळाने जेमतेम पाच इंच लागतात. सहा इंची पाइप तुमच्या प्लॉटवरच्या तासाला 50 मिलिमीटर पावसाला पुरून उरतो. फक्त तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, कारण मुख्य वाहिनी भरून वाहू लागली तर तेच पाणी उलटं तुमच्याकडे येईल. आणि व्हॉल्व्हसाठी उघडता येईल असं चेंबर ठेवा, दर मे महिन्यात त्यातली पानं, माती काढावी लागते.

महापालिकेच्या वाहिनीला जोड घ्यायला महापालिकेची परवानगी लागते, रस्ता खोदायचा तर पथ विभागाचीही, आणि त्यासाठी पैसे भरावे लागतात. पावसाळ्यात खोदाई बंद असते. म्हणून अर्ज आत्ताच, उन्हाळा तोंडावर असताना करा.

इथे एक जागा अडायची आहे. कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर या भागांतल्या जुन्या प्लॉटिंगच्या सोसायट्यांमधले कितीतरी अंतर्गत रस्ते आजही सोसायटीच्याच नावावर आहेत. तुमच्या समोरचा रस्ता महापालिकेच्या ताब्यात आहे की सोसायटीच्या, हे आधी तपासा. महापालिकेचा असेल तर पावसाळी वाहिनी, जाळ्या साफ करणं, रस्ता करताना दोन्ही बाजूंच्या घरांची पातळी पाहणं, हे त्यांचं काम. सोसायटीचा असेल तर तुम्हाला अर्ज कमिटीकडे करावा लागेल, आणि कमिटीने रस्ता काँक्रीटचा करताना जुनी गटारं बुजवली असतील तर तो प्रश्न सर्वसाधारण सभेत मांडावा लागेल. तुमच्या रांगेत तुम्ही एकट्या नसणार. रस्ता उंच झाला तर त्याच बाजूच्या चार-पाच बंगल्यांची तीच गत असणार, त्यांनाही सोबत घ्या.

ड्रेनेजच्या चेंबरचं आता बोलते, कारण ही चूक पुण्यात घरोघरी होते आणि लोकांना ती चूक वाटतच नाही. आपल्याकडे मैलापाण्याची वाहिनी वेगळी आणि पावसाळी वाहिनी वेगळी. मैलापाण्याच्या वाहिनीचा आकार घरांतून रोज निघणाऱ्या सांडपाण्याच्या हिशेबाने ठरलेला असतो. तिच्यात गच्च्यांचं पाणी सोडलं की पहिल्या जोराच्या पावसात ती भरते आणि जिथे चेंबर सगळ्यात खाली, तिथे झाकण उचलून बाहेर येते. तुमच्या गल्लीत सगळ्यात खाली कोण आहे, ताई? तुम्ही. म्हणजे कॉन्ट्रॅक्टरचा सल्ला मानला तर भर पावसात साऱ्या गल्लीचं मैलापाणी तुमच्याच मोरीतून वर यायची शक्यता आहे. शिवाय हा जोड बेकायदा आहे, आणि शहराच्या मैलाशुद्धीकरण केंद्रांवर पावसाचा लोंढा गेला की तिथूनही न शुद्ध झालेलं पाणी मुठेत जातं. शेजारच्या इमारतीनेही गच्चीचा एखादा पाइप तिथे जोडलाय का, तेही बघायला हवं.

शोषखड्डा करायचा का? करा, पण त्याच्यावर सगळी भिस्त ठेवू नका. पुण्याच्या खाली बेसॉल्टचा कातळ आहे. वर कुठे काळी माती, कुठे मुरूम. काळी माती एकदा भिजली की फुगते आणि पाणी घेणं जवळजवळ बंद करते. टेकडीच्या पायथ्याला मुरूम लवकर लागतो, तो बरा मुरवतो, पण त्याखाली लगेच अखंड कातळ असेल तर खड्डा टाकीसारखा भरून राहतो. तपासायला सोपं आहे. तीन फूट खोल खड्डा घ्या, तो एकदा भरून जिरू द्या, परत भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. पाणी तसंच उभं असेल तर तिथे शोषखड्ड्यावर पैसे घालू नका. जिरत असेल तर घराच्या पायापासून निदान दहा फूट दूर करा. बोअर असेल तर त्यात फक्त गच्चीचं, गाळून घेतलेलं पाणी सोडा. पार्किंगचं तेलकट पाणी बोअरमध्ये सोडणं म्हणजे आपल्याच विहिरीत घाण टाकणं. सक्ती नसतानाही तुम्ही ही व्यवस्था केलीत आणि ती चालू ठेवलीत, तर महापालिका सर्वसाधारण करात 5 टक्के सवलत देते. सोबत सौर ऊर्जा किंवा गांडूळखत असेल तर 10 टक्के. मिळकतकराच्या बिलावर ती नीट लागली का, ते तपासत राहा.

एका गोष्टीची मला खरंच काळजी वाटते, आणि त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. ती मधली भिंत. 1978 ची साधी कंपाउंड वॉल माणसं आणि जनावरं बाहेर ठेवायला बांधलेली असते, मातीचा भार पेलायला नाही. आता तिच्या एका बाजूला दोन फूट मुरूम आहे, वर गाड्या उभ्या राहतात, आणि पावसात तो मुरूम पाण्याने जड होतो. जून 2019 मध्ये कोंढव्यात एका सोसायटीची भिंत पावसात खालच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि 15 माणसं गेली. त्यानंतर तीनच दिवसांत आंबेगावात दुसरी भिंत पडून आणखी 6. तुमची भिंत लहान आहे, गोष्ट वेगळी आहे, पण तुमच्या अंगणाकडे तिला पोट आलंय का, आडव्या भेगा आहेत का, ती ओळंब्यात आहे का, हे आजच बघा. असतील तर भिंतीपासून चार-पाच फुटांच्या आत कुणालाही बसू-खेळू देऊ नका आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. ज्याने भराव घातला त्याने तो पेलणारी वेगळी भिंत आपल्या हद्दीत बांधायची असते, शेजाऱ्याच्या कुंपणावर टेकवायचा नसतो. आणि ते दोन पाइप रागाच्या भरात सिमेंटने बुजवू नका. पाणी मागे अडून भिंतीवरचा दाब वाढला तर ती तुमच्याच अंगावर येईल. पाइप बंद होतील, पण पलीकडे पाण्याला दुसरी वाट मिळाल्यानंतर.

ही वाट त्याच्या प्लॉटवरच काढता येते. मधल्या भिंतीपासून फूटभर आत, त्याच्या बाजूने, जाळी घातलेली एक नाली. पार्किंगचा ढाळ त्या नालीकडे, नाली पुढच्या रस्त्याच्या पावसाळी चेंबरकडे किंवा त्याच्या जलसंधारणाच्या टाकीकडे. त्याचा प्लॉट तुमच्यापेक्षा उंच, म्हणजे रस्त्याकडे उतार मिळणं त्याला तुमच्यापेक्षा सोपं. फरशीच्या दोन रांगा उचलाव्या लागतील. चहाला आला की त्याला एवढंच मागा. नुकसानभरपाई, ओल, रंगकाम हे पहिल्या दिवशी काढू नका.

एक काळजी मात्र घ्या. "काकू, या पावसाळ्यापुरतं असू द्या, दिवाळीनंतर करतो" असं तो म्हणाला आणि तुम्ही हो म्हणालात, तर ते कागदावर घ्या. अविश्वास म्हणून नाही. त्याच सुविधाधिकार कायद्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे कुणी वीस वर्षं हक्काने, विनाखंड आणि उघडपणे अशी वहिवाट केली तर ती हक्क म्हणून मागता येते. तुम्ही परवानगी देऊन सोसताय असं लिहिलेलं असलं की ती हक्काची वहिवाट ठरत नाही. दोन ओळी पुरतात: "माझ्या परवानगीने, अमुक तारखेपर्यंत, तात्पुरतं." दोघांच्या सह्या, तारीख. उद्या घर मुलीच्या नावावर झालं, शेजारी फ्लॅटधारक आले, तेव्हा हा कागद तिच्या कामाला येईल.

नाहीच ऐकलं तर? मग लेखी अर्ज, दोन प्रतींत, एका प्रतीवर आवक शिक्का घेऊन. एक क्षेत्रीय कार्यालयात, एक महापालिकेच्या बांधकाम विभागात. त्यात इमारतीला भोगवटा पत्र देण्याआधी पावसाळी पाण्याची आणि जलसंधारणाची जागेवर पाहणी करावी, अशी विनंती करा, फोटो आणि पातळीची मापं जोडा. मंजूर नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. तक्रारीत त्याच्या स्वभावाबद्दल, बाकीच्या बांधकामाबद्दल एक अक्षर लिहू नका. पाणी, भिंत, पाइप, एवढंच. त्यानेही भागलं नाही तर शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे दावा दाखल करण्याआधी मध्यस्थीसाठी अर्ज करता येतो. समोरासमोर बसून, तिसऱ्या माणसासमोर ठरलेली गोष्ट शेजाऱ्यांमध्ये जास्त टिकते, असं मला वाटतं. दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मागणं हा शेवटचा रस्ता, आणि तो तुमच्याकडे आहे, हे माहीत असलं तरी पुरे.

तुमच्या स्वतःच्या अंगणातलं काम मात्र त्याची वाट न बघता सुरू करा. घराला लागून पहिल्या सहा फुटांत जमीन घरापासून बाहेर तीन-एक इंच उतरली पाहिजे. आजवर साचलेली माती, कुंड्यांचे ओटे, बागेचे वाफे यांनी हा ढाळ बहुतेक जुन्या बंगल्यांत उलटा झालेला असतो, आणि निम्मी ओल तेवढ्यानेच येत असते. वाफे जोत्यापासून दूर हलवा. मधल्या भिंतीच्या आतून एक नाली फाटकाच्या कोपऱ्यापर्यंत काढा, दहा फुटांना निदान सव्वा इंच ढाळ ठेवून. फाटकात, रस्त्याचं पाणी आत येऊ नये म्हणून, गाडीला धक्का बसणार नाही असा बुटका उंचवटा आणि त्याच्या आत आडवी जाळी. बाकीचं अंगण मातीचंच राहू द्या. चालायला फरशी हवीच असेल तर सांधे उघडे ठेवून, वाळूवर बसवा.

कॉन्ट्रॅक्टर तोच ठेवायचा असेल तर हरकत नाही, पण काम कागदावर लिहून द्या: भराव नाही, भिंतीला भोक नाही, ड्रेनेजला जोड नाही, नालीचा ढाळ लेव्हल पाइपने मोजून. शेवटचे पैसे द्यायच्या आधी मधल्या भिंतीशी होजपाइप लावून तासभर पाणी सोडा आणि ते कुठे थबकतं, ते त्याच्या देखत बघा. थबकलं तिथली फरशी त्याच दिवशी उचलायला लावा.